इथंच का? कोल्हापूरच्या मुलांना कोल्हापूर शिकवण्याची एक रीत

चौथीतल्या पोराला आग्र्याहून सुटका पेटाऱ्यासकट पाठ असते. पण घरच्या नळाला कुठल्या नदीचं पाणी येतं, असं विचारा. ते आईकडं बघतं, आणि बऱ्याच घरांत आई बाबांकडं बघते. यात शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तक सगळ्या राज्यासाठी असतं, तुमच्या गल्लीसाठी कुणी छापणार नाही. ते काम घरीच करावं लागतं, आणि त्याला इतिहासाची पदवी लागत नाही.

हा लेख कोल्हापूर धरून लिहिलाय, कारण उदाहरण नेमकं असेल तरच रीत कळते. सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: ‘हे इथंच का?’ बाजार इथंच का, किल्ला त्याच डोंगरावर का, पुराचं पाणी याच गल्लीत का शिरतं? हा प्रश्न धरला की इतिहास आणि भूगोल वेगळे काढताच येत नाहीत. शाळेत दोन तास वेगळे असतात, ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी.

आधी एक वही आणि तीन रंगांची पेनं

जाडजूड दोनशेपानी वही घ्या, एका बाजूला कोरी पानं असलेली मिळाली तर उत्तम. सोबत मोजपट्टीचा टेप, सुतळी आणि खडू. होकायंत्र फोनमध्ये असतंच.

पेनं मात्र तीन रंगांची हवीत. स्वतः पाहिलेलं निळ्यानं, कुणाकडून ऐकलेलं हिरव्यानं, वाचलेलं काळ्यानं. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो आणि तो तळ्यात पोचला की जगबुडी, असं सांगतात. हे हिरव्यानं लिहायचं. नंदी दगडाचा आहे आणि तळ्याकडं तोंड करून बसलाय, हे निळ्यानं. आख्यायिका खोटी म्हणून झिडकारायची नाही आणि खरी म्हणून पाठही करायची नाही. कुठली गोष्ट कुठून आली एवढं मुलाला कळलं, की व्हॉट्सअॅपवरचा इतिहास वाचताना पुढं त्याला ते कामाला येतं.

वहीची शेवटची चार पानं ‘शोधायचं’ म्हणून राखून ठेवा. ती किती महत्त्वाची आहेत ते पुढं सांगतो.

पहिला टप्पा: नळ

पाच-सहा वर्षांच्या मुलापासून हे जमतं. नळ सोडा आणि विचारा, हे पाणी काल कुठं होतं? टाकीत. त्याआधी? गल्लीतल्या पाइपात. त्याआधी? इथं बहुतेक घरं अडतात. मग शोध सुरू.

कोल्हापूरची गंमत अशी की पाण्याच्या या एका धाग्यावर अख्ख्या शहराचा इतिहास ओवता येतो. जुन्या काळी गावात तळी आणि विहिरी होत्या. एकोणिसाव्या शतकात शहराबाहेर कळंबा तलाव झाला, तिथलं पाणी शहरात आणलं गेलं. मंगळवार पेठेतल्या ‘पाण्याचा खजिना’ या ठिकाणाचं नाव त्याच व्यवस्थेची आठवण आहे. रिक्षावाल्याला आपण ते नाव रोज सांगतो, खजिना कसला हे विचारत नाही. नंतर बालिंगा-शिंगणापूरच्या उपशातून नदीचं पाणी आलं. आणि २०२३च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणाचं पाणी शहराला पोचलं. हे धरण पंचगंगेच्या खोऱ्यात नाही, दूधगंगेवर आहे. म्हणजे पंचगंगेच्या काठावरचं गाव पन्नासेक किलोमीटर लांबच्या दुसऱ्याच नदीचं पाणी पितंय. का? हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलाला टाका आणि गप्प बसा. नदीचं प्रदूषण, वाढलेलं शहर, राजकारण, सगळं त्यातून निघतं.

करायचं काय? एका पानावर घराचा नळ काढायचा आणि तिथून मागं मागं रेघ ओढत न्यायची. तुमच्या भागाला नेमकं कुठलं पाणी येतं ते महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा रोज चावी फिरवायला येणाऱ्या माणसाला मुलालाच विचारू द्या. ‘काका, आमच्याकडं कुठलं पाणी येतं?’ एवढं विचारायला धीर गोळा करावा लागतो, तोही शिक्षणाचाच भाग. बहुतेक माणसं खूश होऊन सांगतात.

रेघ उलटीही न्या: सांडपाणी नाल्यात, नाला पंचगंगेत, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण करत आंध्रात बंगालच्या उपसागरात. इथं मुलं हमखास थांबतात. कारण नकाशात अरबी समुद्र अगदी जवळ दिसतो, घाटमाथ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. मग पाणी अख्खा देश ओलांडून दुसऱ्या समुद्राला कशाला जातं?

तोंडी उत्तर देऊ नका. एका मोठ्या ताटात गणपतीच्या कुंभाराकडची माती थापा. एका कडेला उंच बांध करा, तो सह्याद्री. बांधाच्या एका बाजूला खडा उतार, दुसऱ्या बाजूला लांबलचक मंद उतार. बोटानं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती कोरा आणि प्रयाग चिखलीपाशी एकत्र आणा. आता बांधाच्या माथ्यावर गडूनं हळू पाणी सोडा. बोटभर इकडं पडलं तर कोकणात, बोटभर तिकडं पडलं तर थेट बंगालच्या उपसागराला. पोर तीनदा करून बघतं, चौथ्यांदा शेजारच्या मुलाला बोलावून दाखवतं.

‘पण नद्या चारच झाल्या, पंचगंगा कशी?’ हेही विचारलं जाईल. पाचवी सरस्वती, ती गुप्त. हिरवं पेन.

दुसरा टप्पा: पावलांचा नकाशा

सात-आठ वर्षांचं मूल घरापासून किराणा दुकानापर्यंतचा नकाशा काढू शकतं. अट एकच, अंतर पावलांत मोजायचं आणि दिशा सूर्यावरून ठरवायची. पन्नास पावलांना एक चौकोन. आधी वळणं चुकतात, दुकान घराच्या मागं जाऊन बसतं. पुसून परत काढू द्या. छापील नकाशा यानंतरच दाखवा, आधी दाखवला तर मूल त्याची नक्कल करतं.

गल्ली झाली की दोन भागांची तुलना करा. शुक्रवार किंवा शनिवार पेठेतल्या गल्ल्या कशा वळत जातात, आणि राजारामपुरीत पहिली गल्ली, दुसरी गल्ली करत आकडे टाकलेले सरळ रस्ते कसे आहेत. दोन्हीकडं एकेक सकाळ चालून या. एक भाग घरं वाढत गेली तसा वाढला आणि दुसरा आधी कागदावर आखला, हे मुलाला पायांनीच कळतं. मग गंगावेस, वरुणतीर्थ वेस ही नावं घ्या. वेस म्हणजे तटाचं दार, म्हणजे शहराला तट होता. तो कुठाय? त्याचा बुरूज बिंदू चौकात आजही उभा आहे. नकाशावर वेशी आणि बुरूज ठिपक्यांनी जोडले की जुनं शहर केवढं होतं याचा अंदाज येतो. केवढंसं निघतं ते.

तिसरा टप्पा: बुजलेल्या तळ्यांची फेरी

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि एका सकाळीत होतो. कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला आपण जातो, तिथं तीर्थ म्हणजे तळं होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. कोटीतीर्थात अजून पाणी आहे.

फेरी कोटीतीर्थापासून सुरू करा, म्हणजे तळं कसं असतं ते आधी दिसेल. काठावर उभं राहून आजूबाजूचा उतार बघायला सांगा: पाणी कुठून उतरून इथं येत असेल? मग गांधी मैदानावर जा. मैदान भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खोलात आहे हे डोळ्यांनी दिसतं. जोरदार पाऊस झाल्यावर तिथं पाणी का साठतं, याचं उत्तर मूल स्वतः देतं. माणसं विसरली तरी पाणी आपली जागा विसरलेलं नाही.

यातून एक चांगला वादही निघतो. तळी बुजवली ते चूक की बरोबर? घाईनं निकाल देऊ नका. साथीचे रोग, डास, वाढती वस्ती, खेळायला मैदान हवं, ही त्या काळच्या लोकांची कारणं होती. पण आजच्या पोराला तुंबलेल्या रस्त्यातून शाळेला जावं लागतं, हेही खरं. दोन्ही बाजू वहीत लिहा.

चौथा टप्पा: किरणोत्सव आणि घरची भिंत

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, एक दिवस पायांवर, मग वर वर सरकत मुखापर्यंत. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. श्रद्धेनं बघायला गर्दी होते, जरूर जावं. पण घरी येऊन एक हिशोब करायला लावा.

१० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत दिवस मोजा: ४२. २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत: ४१. जवळजवळ सारखेच! सूर्य मावळताना रोज थोडा दक्षिणेकडं सरकतो, डिसेंबरच्या २१-२२ला टोक गाठतो आणि त्याच वाटेनं परत येतो. म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा तो महाद्वाराच्या रेषेत सापडतो. देऊळ बांधणाऱ्यांना हे गणित ठाऊक होतं.

घरी पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळच्या उन्हाची चौकट भिंतीवर खडूनं आखा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. दर रविवारी त्याच वेळी पुन्हा. ऑक्टोबरात सुरू करून फेब्रुवारीपर्यंत चालवा. खुणा आधी एका बाजूला सरकत जातात आणि मग परत फिरतात. मुलाच्या बोटाला ‘दक्षिणायन’ लागतं, नुसतं वाचून ते लागत नाही. भाड्याचं घर असेल तर भिंतीवर कागद चिकटवा, घरमालकाशी भांडण नको.

दरवर्षी किरणांच्या वाटेत इमारती आणि फलक आडवे येतात अशी चर्चा होते. मोठ्या मुलाला महाद्वार रोडवर उभं करून विचारा, किरणं इथून जायला हवीत तर काय आड येतंय? शहर कसं वाढवायचं याचे नियम कशाला लागतात, हे तिथं सांगावं लागत नाही.

पाचवा टप्पा: पाऊस आणि पूर

जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्जन्यमापक करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा, तळाचा खोलगट भाग भरून येईल इतकं पाणी आधी घाला आणि तिथून शून्य धरून पट्टी चिकटवा. झाड-पत्र्याचं पाणी पडणार नाही अशी गच्चीवरची उघडी जागा. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही तेव्हाच घेतं. नंतर वर्तमानपत्रातल्या तालुकावार आकड्यांशी ताडून बघा. आपला आकडा थोडा वेगळा येतो. का, त्यावरही बोला: दोन किलोमीटरवर पाऊस वेगळा पडू शकतो, हेही एक उत्तर आहे.

तालुक्यांचे आकडे आठवडाभर लिहिले की जिल्हाच उलगडतो. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडं पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि पुढं पूर्वेला उरलंसुरलं पडतं. हे एकदा प्रवासात दाखवाच. गगनबावड्याहून शहरमार्गे शिरोळपर्यंत एसटीनं या, खिडकीची जागा मुलाला, आणि दर अर्ध्या तासानं बाहेर काय पेरलंय ते लिहायचं. भात आणि नाचणी, मग ऊस, मग ऊसच ऊस. शिरोळकडं पाऊस सर्वांत कमी आणि तरी उभा ऊस! पाणी नदीतून उचललेलं. आणि अति पाण्यानं क्षारपड होऊन पांढरी पडलेली जमीनही तिथंच दिसते.

पुराचं शिक्षण मात्र हळुवार द्यावं लागतं, विशेषतः घरात पाणी शिरलेलं असेल तर. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बातमीत येते: ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. फ्रिजवर आलेख चिकटवा, दोन आडव्या रेघा मारा, रोजचा ठिपका मुलाला देऊ द्या. २०१९ आणि २०२१मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, महामार्ग बंद पडला होता. त्याच महिन्यात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ अशी बातमी येते. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात. या धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं आणि ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. धरण भरणं, दरवाजे उघडणं आणि आपल्या आलेखातला ठिपका यांचा संबंध मुलानं स्वतः जुळवला, तर त्या दिवशी त्याला आवडीचं काहीतरी खायला करा.

पाऊस ओसरल्यावर बंधाऱ्यावर बरगे बसवण्याचं काम बघायला न्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असाच चालतो: पावसाळ्यात फळ्या काढून नदी मोकळी, पावसाळा संपला की फळ्या घालून पाणी अडवायचं. या पद्धतीला आपल्या गावाचं नाव आहे आणि ते महाराष्ट्रभर चालतं, हे ऐकून मुलांची छाती जरा फुगते. फुगू द्या. नदीकाठी जाताना नियम पक्का: मोठ्या माणसाचा हात, आणि पाणी चढतं असेल तेव्हा काठावर पाऊलसुद्धा नाही.

सहावा टप्पा: आज्जीची साक्ष

आजी-आजोबांना ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की एकतर भाषण मिळतं, नाहीतर ‘काय सांगू बाळा’. प्रश्न छोटे आणि बोट ठेवता येतील असे हवेत. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, तुम्ही कुठं झोपला होता? ७२च्या दुष्काळात ताटात काय असायचं? शाळेला चालत गेलात का, वाटेत काय लागायचं?

पुराचा प्रश्न टेप हातात घेऊनच विचारायचा.

‘आज्जी, पाणी कुठवर आलंतं गं?’
‘जोत्याच्या वर. उंबरा तेवढा राहिला.’
‘दाखव की.’

आज्जी उठते, भिंतीला बोट लावते, पोर तिथं खडूची रेघ मारतं आणि जमिनीपासून मोजतं. शेजारच्या घरी मोजलं की आकडा वेगळा. गल्लीतल्या पाच-सहा घरांचे आकडे नकाशावर मांडले की जमिनीचा चढउतार आपोआप दिसतो.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि कुणी एखाद्या विषयावर गप्प झालं तर ओढू नका. गांधीहत्येनंतरचं १९४८चं जळीत आठवणारी माणसं अजून आहेत, दोन्ही बाजूंची. ती बोलतील तेव्हा ऐकायचं. हा विषय मुलासमोर काढायचा तर ते बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर, आणि तुम्ही स्वतः आधी नीट वाचून.

सातवा टप्पा: समुद्र नसलेल्या गावातला समुद्रदेव

शिवाजी पुलाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४०च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथल्या वस्तूंमध्ये एक काशाची मूर्ती होती, वीतभरही उंच नाही. ती आहे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची! टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ती बघायला मिळते.

संग्रहालयात मुलांना अख्खं दालन फिरवू नका, कंटाळतात. आधी ब्रह्मपुरीला जा, नदी बघा, मग फक्त या मूर्तीसमोर दहा मिनिटं बसा. चित्र काढायला सांगा. मग तोच प्रश्न: हा इथंच का? कोकणातल्या बंदरांवर रोमन व्यापाऱ्यांची जहाजं येत, माल बैलांवर लादून घाट चढत असे, घाटमाथ्यावरून देशावर येताना नदीकाठी वसलेली बाजारगावं लागत. गगनबावड्याची एसटी याच दिशेनं जाते. मुलानं आधीच्या टप्प्यात ताटात केलेला बांध इथं पुन्हा आठवतो: चढायला अवघड म्हणून वाटा मोजक्या, आणि वाटा मोजक्या म्हणून त्यांच्या तोंडाशी गावं आणि किल्ले.

आठवा टप्पा: दिवाळीचा किल्ला, पण खरा

आपल्याकडं स्थानिक भूगोल शिकवण्याचं इतकं चांगलं साधन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि आपण त्यात मावळे आणि प्लास्टिकचे वाघ ठेवून मोकळे होतो. यंदा पन्हाळा करा. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, आणि आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर.

नवरात्राच्या सुमारास गडावर जाऊन या. मुलाला मार्गदर्शकाचं भाषण ऐकायला लावू नका, चार गोष्टी शोधायला द्या: पाणी कुठं आहे, धान्य कुठं ठेवलं, शत्रू कुठून येईल, आणि पळायचं तर कुठून. पाण्यासाठी अंधारबाव सापडते, तीन दरवाजाजवळची मजले असलेली विहीर, बाहेरून इमारत वाटावी अशी. धान्यासाठी अंबारखाना, गंगा, यमुना, सरस्वती नावांची कोठारं. आत शिरा, भिंतींची जाडी हातांनी मोजा. आज गाडी जिथून गडावर शिरते तिथं चार दरवाजा होता. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. नसलेली वस्तू दाखवणं हाही अभ्यास आहे.

घरी आल्यावर उपग्रह नकाशावरून गडाची कड कागदावर उतरवून घ्या. मग प्रमाण ठरवा. एका किलोमीटरला तीस सेंटीमीटर धरलं तर गडाची उंची किती येईल? पायथ्यापासून चारेकशे मीटर, म्हणजे जेमतेम बारा सेंटीमीटर. मुलं नाराज होतात, ‘हा काय किल्ला!’ तेव्हा सांगा की नकाशावाले लोकही उंची मुद्दाम दुपटी-तिपटीनं वाढवून दाखवतात, फक्त तसं लिहून ठेवतात. आपणही वाढवायची आणि पाटीवर लिहायची: ‘उंची दुप्पट’. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोतं, वरून चिखल, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ, गडमाथ्याला जांभा दगड म्हणून गेरू. पन्हाळ्याच्या माथ्यावर खरोखर जांभा आहे, त्यामुळं तो रंग शोभेपुरता राहत नाही.

सिद्दी जौहरचा वेढा मांडताना वर्ष सांगून थांबू नका. १२ जुलै १६६०ची रात्र, आषाढी पौर्णिमा. पौर्णिमा म्हणजे चांदणं, मग निसटणं सोपं की अवघड? पण जुलै म्हणजे या भागात कसा पाऊस असतो ते आपल्या वहीतच लिहिलंय. ढग, चिखल, जळवा, भरलेले ओढे. विशाळगड साठ-पासष्ट किलोमीटर. मुलाला विचारा, आपण स्टँडवरून घरी भिजत आलो तर किती दमतो? घोडखिंडीत मोजक्या माणसांनी मोठी फौज का थोपवली, हे खिंडीचा आकार चिखलात केला की कळतं. बाजीप्रभूंचं शौर्य त्यानं कमी होत नाही, उलट त्याचं वजन कळतं.

किल्ला बघायला येणाऱ्यांना माहिती मुलानंच सांगायची. तुम्ही मागं उभं राहून दुरुस्त्या करायच्या नाहीत.

नववा टप्पा: माणसांचा इतिहास

दसरा चौकात उभं राहिलं की शाहू महाराजांचा पुतळा दिसतो, आणि जवळच जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एवढी वसतिगृहं एकाच गावात का? त्या काळी खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला राहायला आणि जेवायला कोण ठेवून घेत होतं, आणि कुणाला कुणीच ठेवत नव्हतं? हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. मग २६ जुलै १९०२ची आज्ञा सांगा: करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखीव. तिथून बिंदू चौक. बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा तिथं १९५०मध्ये बसला, बाबासाहेब हयात असताना.

जातीचा विषय टाळून कोल्हापूर शिकवता येत नाही. आपल्या घरात त्या काळी काय पाळलं जात होतं हे मुलानं विचारलं तर खरं सांगा. ते ऐकायला थोडं जड जातं, पण मूल आपल्यापेक्षा सहज घेतं.

सीमेचा धडाही पायाखाली आहे. १७३१च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द वारणा नदी ठरली. आज सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द बऱ्याच ठिकाणी तीच नदी आहे. संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं, नदी तिथंच राहिली. बाहेरगावी जाताना वारणेच्या पुलावर मुलाला जागं करा.

साधनं कुठं मिळतात

बालभारतीनं तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हावार काढलेली आहेत. आपल्या जिल्ह्याचं मिळालं तर ते पायाला चांगलं. कोल्हापूरचं गॅझेटियर १८८६चं आहे आणि सुधारित १९६०चं, दोन्ही राज्य गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. ते पालकांनी वाचायचं, मुलाला त्यातली एखादी ओळ द्यायची. जुनं इंग्रज साहेबाच्या काळातलं आहे हे लक्षात ठेवून, काळ्या पेनानं. करवीर नगर वाचन मंदिरात मुलाचं सभासदत्व घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, गावनकाशा भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर दिसतो. उपग्रह नकाशात मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय असते, त्यात आपली वसाहत उगवताना बघायला मुलांना फार आवडतं.

तुम्ही पुण्यात, लातुरात किंवा दुबईत असाल तरी क्रम हाच: नळ, गल्ली, बुजलेलं पाणी, सूर्य, पाऊस, म्हातारी माणसं, मग संग्रहालय आणि किल्ला. परदेशातल्या पालकांना एक सांगणं. आधी मूल जिथं राहतं ती गल्ली शिकवा. शारजातल्या मुलाला पंचगंगा थेट शिकवली तर ती पुस्तकातलीच राहते. तिथल्या नळाचं पाणी समुद्राचं, खारेपण काढलेलं, हे एकदा कळलं की सुट्टीत आल्यावर ते आज्जीला आपणहून विचारतं, ‘तुझं पाणी कुठनं येतं?’

किती झालं, कसं ओळखायचं

परीक्षा घेऊ नका. मे महिन्यात मामा-मामी, आत्याची मुलं येतात. एक सकाळ त्यांना फिरवण्याचं काम तुमच्या मुलावर सोपवा: कुठली वाट, कुठं थांबायचं, काय सांगायचं, मिसळ कुठं खायची. तयारीसाठी वही उघडली जातेच. पाहुणे असे काही प्रश्न विचारतात की मुलाला उत्तर येत नाही. ते प्रश्न वहीच्या शेवटच्या चार पानांवर, ‘शोधायचं’ खाली, विचारणाऱ्याच्या नावासकट जातात. उत्तर सापडलं की त्या माणसाला फोन करून कळवायचं, आणि कुठून कळलं तेही सांगायचं. ती चार पानं भरली की मागं अजून चार जोडा.